घोडे गेले, रूळ गेले, वाटा राहिल्या : फ्रान्समधले मोटारमुक्त खडीचे रस्ते

फ्रान्समध्ये नावा चालणाऱ्या सरकारी नदीच्या काठी ज्याची जमीन आहे, त्याच्यावर एक जुनं बंधन आहे. नावा ओढण्याची वाट त्याच्या बाजूने जात असेल, तर काठालगतची ७.८० मीटर रुंद पट्टी त्याने मोकळी सोडायची. आठ नाही, साडेसात नाही, ७.८०. या आकड्याचं मूळ १६६९ सालात आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने जंगलं आणि पाणी यांच्याविषयी एक मोठा हुकूमनामा काढला. त्यात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी २४ फुटांची वाट राखायला सांगितली होती, आणि तेव्हाचा फ्रेंच फूट आजच्या फुटापेक्षा जरासा मोठा होता. पुढे राजा गेला, मीटर आला, वाफेची बोट आली, डिझेलची आली, घोडे दिसेनासे झाले. ते २४ फूट मात्र कायद्यात तसेच राहिले, फक्त मीटरमध्ये लिहिले जाऊ लागले.

ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या वाटांवर चालणारी सायकल, घेऊन फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून फिरायचं आणि मोटारींपासून होईल तितकं लांब राहायचं, असं ज्याच्या मनात आहे त्याने या आकड्यापासून सुरुवात करावी. कारण तिथल्या बहुतेक मोटारमुक्त वाटा मुळात सायकलसाठी झालेल्याच नाहीत. काही नावा ओढण्यासाठी झाल्या, काही रूळ टाकण्यासाठी, काही लाकूड वाहण्यासाठी, काही वणवा विझवायला जाण्यासाठी, काही द्राक्षमळ्यात पोचण्यासाठी. मूळ काम थांबलं किंवा कमी झालं, वाट उरली. चढ किती लागेल, चाकाखाली खडी येईल की वाळू, पावसानंतर काय होईल आणि तिथून जायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे सगळं वाट कोणत्या कामासाठी झाली त्यावर ठरतं. नेटवर तयार मार्गांच्या फाइली हव्या तितक्या मिळतात. पण वाटेचा जन्म कशातून झाला हे ओळखता येत नसेल, तर त्या फाइलींचा उपयोग अर्धाच.

आपल्याकडे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलने कापायच्या राइड्स, करणाऱ्यांना फ्रान्स परका नाही. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या त्या राइड्सना मान्यता मिळते ती पॅरिसच्या ऑदाक्स क्लबकडून, आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसला भारतातून मोठ्या संख्येने लोक जातात. त्यांना लुदेआक आणि कारे या ब्रिटनीतल्या गावांची नावं झोपेतही आठवतील, कारण तिथे ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या नोंदकार्डावर, शिक्का घ्यायचा असतो. ती राइड १२०० किलोमीटरची, डांबरी रस्त्यावरची आणि ९० तासांच्या घड्याळाला बांधलेली. पण याच लुदेआकहून याच कारेला जाणारी दुसरी एक वाट आहे. तिच्यावर मोटार येत नाही, खाली बारीक खडी आणि माती आहे, आणि चढ इतका सौम्य की गिअर क्वचितच बदलावा लागतो. तिच्याकडे शेवटी येऊ.

सायकलबद्दल थोडक्यात. ग्रॅव्हल बाईक म्हणजे रोड सायकलसारखं वाकलेलं हँडल, पण टायर साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद, हवा कमी, चढासाठी हलके गिअर आणि डिस्क ब्रेक. नाव अमेरिकेतून आलं, पण त्या इंग्रजी शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. बोर्दोजवळच्या ‘ग्राव्ह’ नावाच्या वाइनच्या प्रदेशाला ते नाव तिथल्या खडीमुळेच पडलं. सायकलची कल्पनाही फ्रान्सला नवी नाही. सँत-एतियेन गावचा पॉल द व्हिव्ही, ज्याला सगळे ‘व्हेलोसियो’ म्हणत, १८८७ पासून सायकलवरचं मासिक चालवायचा. बारीक, कडक टायरांचा आग्रह सोडा, रुंद टायर लावा, गिअर वापरा, हे तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. तेव्हा डोंगरातले रस्ते खडीचेच होते, त्यामुळे तो बोलत होता ते त्याच्या रोजच्या अनुभवातून.

‘मोटारमुक्त’ म्हणजे नेमकं काय

इथे बहुतेकांची पहिली फसगत होते. फ्रान्समध्ये दोन शब्द सतत कानावर पडतात. एक ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट. दुसरा ‘व्हेलोरूत’, म्हणजे सायकलमार्ग. ऐकायला सारखे वाटले तरी अर्थ वेगळे आहेत. हिरवी वाट ही कायद्यातली संज्ञा आहे. २००४ साली ती वाहतुकीच्या नियमांत आली. पायी चालणारे, सायकलस्वार, घोडेस्वार अशा मोटारविरहित लोकांसाठीच राखलेला रस्ता तो हिरवी वाट. तिच्या तोंडाशी निळा चौकोनी फलक असतो. सायकलमार्ग म्हणजे मात्र फक्त खुणा लावून दाखवलेला लांबचा प्रवासमार्ग. त्याचा काही भाग हिरव्या वाटेवरून जाईल, काही भाग गावच्या छोट्या रस्त्यावरून, आणि तिथे मोटारी येतील, थोड्या का होईना. लुआर नदीकाठचा प्रसिद्ध मार्ग घ्या. सुंदर आहे, पण सलग मोटारमुक्त नाही. जाहिरातीतल्या एकूण किलोमीटरांच्या आकड्यावर जाऊ नये, त्यातले हिरव्या वाटेचे किती ते विचारावं.

या दोन्हींच्या पलीकडे तिसरा प्रकार आहे, आणि ग्रॅव्हलवाल्याला खरा रस तिथेच. जंगलातले रस्ते, मळ्यांमधले रस्ते, गावाच्या पाणंदी. यांतल्या अनेकांवर मोटारीला कायद्याने बंदी नसते. पण ट्रॅक्टर आणि लाकडाचा ट्रक सोडला तर दिवसभरात तिथे काही फिरकत नाही. कागदावर मोकळा, प्रत्यक्षात शांत. मला स्वतःला या वाटांवर फलक लावलेल्या हिरव्या वाटेपेक्षा जास्त मोकळं वाटतं, पण त्यांच्यासाठी नकाशा जास्त नीट वाचावा लागतो.

पाण्याच्या काठाने

कालव्याच्या काठची नावा ओढण्याची वाट, फ्रेंचमध्ये ‘हालाज’. घोडा किंवा माणूस दोर खांद्याला लावून काठाने चालायचा आणि मागे नाव पाण्यातून यायची. घोड्याला सपाट जमीन हवी, आणि कालव्याचं पाणी तर सपाटच असतं. त्यामुळे चढ येतो तो फक्त लॉकपाशी. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन दारांच्या मधल्या हौदात नाव घ्यायची, पाणी भरून वर उचलायची किंवा सोडून खाली उतरवायची. सायकलला तिथे दहा-वीस मीटर लांबीचा छोटासा चढ लागतो, की पुन्हा पुढच्या लॉकपर्यंत सपाट. शेजारी लॉक सांभाळणाऱ्याचं छोटं घर. दक्षिणेतल्या मिदी कालव्यावर या घरांच्या भिंतीवर पाटी असते : मध्ये या लॉकचं नाव, एका बाजूला मागच्या लॉकचं नाव आणि अंतर, दुसऱ्या बाजूला पुढच्याचं. नावाड्यांसाठी लावलेल्या या पाट्या सायकलवाल्याला आजही मैलाच्या दगडासारख्या उपयोगी पडतात.

मिदी कालवा पिएर-पॉल रिके याने १६६६ ते १६८१ या काळात खणवून घेतला. तूलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत तो सुमारे २४० किलोमीटर जातो, आणि १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तूलूझकडून निघालं की पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी. त्यानंतर पूर्वेला मातीची वाट लागते, आणि तिथे चिनाराच्या जातीच्या प्लेन झाडांची मुळं वाटेत वर आलेली. ३८ मिलिमीटरचा टायर असला तरी हात बधिर होतात. या झाडांवर २००६ मध्ये एक बुरशीजन्य रोग आढळला. काठावर अशी सुमारे ४२,००० झाडं होती. रोग पसरू नये म्हणून हजारो तोडावी लागली आणि त्यांच्या जागी दुसऱ्या जातींची लावली जात आहेत. सावलीचे जुने फोटो पाहून जुलैमध्ये जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. काही टप्प्यांत डोक्यावर आता ऊनच आहे.

कालव्यापेक्षाही मला त्याचे पाट जास्त आवडतात. कालव्याला उंचावर पाणी पुरवावं लागतं, नाहीतर प्रत्येक नावेबरोबर लॉकमधून पाणी खाली निघून जातं आणि वरचा भाग कोरडा पडतो. रिकेने ‘काळ्या डोंगरा’तले ओढे अडवून त्यांचं पाणी पाटाने नोरूझच्या खिंडीत आणलं. तिथे एकीकडे अटलांटिकचं आणि दुसरीकडे भूमध्य समुद्राचं पाणलोट. या पाटांना ‘रिगोल’ म्हणतात. डोंगरातला आणि मैदानातला मिळून त्यांची लांबी साठेक किलोमीटर. पाट कसा आखतात हे आपल्याला धरणाच्या पाटावरून माहीत आहे. पाणी सावकाश वाहतं राहिलं पाहिजे, म्हणून पाट डोंगराच्या कुशीला चिकटून, वळणं घेत, जवळजवळ एकाच पातळीवर जातो. त्याच्या काठची वाटही तशीच जाते. आजूबाजूला डोंगर आहे, खाली दरी दिसते, आणि आपण मात्र सपाटीवर चालवतोय! झाडांची सावली दाट, डावीकडे हातभर अंतरावर पाणी, वाट कुठे दोन मीटर तर कुठे जेमतेम सायकलपुरती. पायी चालणारे भेटतात, त्यांच्यासाठी वेग कमी करायचा आणि ‘बाँजूर’ म्हणायचं. त्या वाटेवर त्यांचा मान आधी.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सपाट वाट म्हणजे सोपी वाट नव्हे. आपल्या घाटात चढ संपला की उतार मिळतो, पाय थांबतात, पाठ सरळ होते. कालव्याच्या काठाने उतार येतच नाही. दिवसभर पायडल फिरत राहतं, बसण्याची जागा बदलत नाही. ऐंशी किलोमीटरनंतर गुडघे नाही, पण बैठक बोलू लागते. दर लॉकपाशी दोन मिनिटं उतरलं तर बरं.

रुळांची वाट

१८७९ साली सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने याने फ्रान्सच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आगगाडी पोचवण्याची योजना मंजूर करून घेतली. यादीत १८१ मार्ग होते. याच माणसाने कालव्यांच्या लॉकचंही माप ठरवून दिलं : ३९ मीटर लांब, ५.२० मीटर रुंद. म्हणजे आज सायकलवरून आपण ज्या दोन प्रकारच्या वाटांवर सर्वांत जास्त फिरतो, त्या दोन्हींवर एकाच मंत्र्याची छाप आहे. यातल्या कित्येक रेल्वेमार्गांना पुरेसे प्रवासी कधी मिळालेच नाहीत. बस आली, मोटार आली, १९३८ मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तोट्यातले मार्ग एकामागून एक बंद होत गेले.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरतं. जास्त चढ असला की इंजिनाची चाकं जागीच फिरतात. म्हणून रेल्वेवाल्यांनी टेकडी आली की कापली, खोलगट आलं की भराव घातला, डोंगर आला की बोगदा पाडला. हजार मीटरला पंधरा-वीस मीटर, फार तर तीसेक मीटर चढ. घोडा, बैल, मोटार यांच्यासाठी इतका खर्च कुणी केला नसता. त्याचा फायदा आता आपल्या पायांना मिळतो.

फ्रान्समधली पहिली हिरवी वाट अशाच मार्गावर झाली. दक्षिण बरगंडीत जिव्री ते क्ल्युनी, ४४ किलोमीटर, १९९७ साली. पण ग्रॅव्हलसाठी ती पकडू नका, ती पूर्ण डांबरी आहे. आणि ती डांबरी आहे हे बरंच आहे. व्हीलचेअरवरचा माणूस, चाकाचे बूट घातलेली मुलं, बाबागाडी ढकलणारी आई, या सगळ्यांना ती वापरता येते. खडीच्या वाटेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. क्ल्युनीच्या पुढे याच वाटेवर बुआ-क्लेर नावाचा १.६ किलोमीटरचा बोगदा आहे. आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यात बाहेरून आत गेलं की घामाने भिजलेला टीशर्ट क्षणात गार पडतो, म्हणून खिशात एक पातळ जॅकेट असू द्यावं. हिवाळ्यात बोगदा बंद असतो. त्या काळात तिथे वटवाघळं झोपतात, आणि सायकलवाल्यांनी वरच्या खिंडीतून जायचं असतं.

खडीची रेल्वेवाट हवी असेल तर दक्षिणेला जा. ओ-लांगदोकमध्ये माझामे ते बेदारियो ही ‘पासा पाईस’ नावाची सुमारे ८० किलोमीटरची वाट आहे. माझामे हे लोकरीचं गाव. जगभरातून आणलेल्या मेंढ्यांच्या कातड्यांवरून लोकर उतरवण्याचा धंदा तिथे चालायचा आणि ती कातडी रेल्वेने यायची. आता त्याच वाटेने सँ-पाँ, ओलार्ग, लामालू अशी गावं घेत, पूल आणि बोगदे ओलांडत जाता येतं. पश्चिमेला हिरवंगार, ओलसर. पूर्वेकडे उतरावं तशी हवा कोरडी होत जाते आणि चेरीची, ऑलिव्हची झाडं दिसू लागतात.

या वाटांच्या पृष्ठभागाला फ्रेंच लोक ‘स्ताबिलिझे’ म्हणतात. आपल्या मुरमाच्या रस्त्याचा तो सख्खा भाऊ. दगड फोडताना निघालेली खडी, कच आणि भुकटी हे सगळं एकत्र ठेवायचं, पाणी शिंपायचं आणि रोलरने दाबायचं. भुकटी खडीच्या फटींत जाऊन बसते आणि थर घट्ट होतो. मध्ये किंचित फुगवटा ठेवतात, म्हणजे पाणी कडेला जातं. जिथे पाणी साचतं तिथे भुकटी धुऊन जाते, मग सुटी खडी वर येते आणि पुढचं चाक सरकतं. म्हणून पावसाळी दिवसात डबक्यांच्या कडेची फिकट, सैल दिसणारी जागा टाळावी. तिथेच सायकल घसरते. जिथे हिरवी वाट मोटाररस्ता ओलांडते तिथेही सांभाळा. लाकडी खांबांची नागमोडी अडगळ असते आणि थांबायचं बहुधा आपल्याला असतं.

जंगल, मळे, वाळू

जंगलाबद्दल थोडं भरभर. सरकारी जंगलं ओएनएफ या राष्ट्रीय वनसंस्थेकडे आहेत. लाकूड वाहण्यासाठी तिथे खडीचे पक्के रस्ते केलेले असतात आणि तोंडाशी आडवा दांडा. १९९१ च्या एका कायद्याने मोटारींना, मोटारसायकलींना रस्ता सोडून रानात शिरायला देशभर बंदी केली. मधल्या बरगंडीतला मॉर्व्हाँ प्रदेश यासाठी माझा सर्वांत आवडता. खाली ग्रॅनाइट, त्याची झिजून झालेली भरड वाळू रस्त्यावर, त्यामुळे पाऊस थांबल्यावर तासाभरात वाट कोरडी. तिथला सेत्ताँ तलाव १८६१ मध्ये पुरा झाला, तो पॅरिसला जळाऊ लाकूड नदीतून तरंगवत न्यायला पाणी मिळावं म्हणूनही. सोमवार ते शुक्रवार लाकडाचे ट्रक असू शकतात. रविवारी संपूर्ण शांतता.

राजांच्या शिकारीची जंगलं वेगळी. पॅरिसच्या उत्तरेला काँपिएन्यचं जंगल नकाशात पाहिलं की चांदण्या दिसतात : एका चौकातून आठ दिशांना सरळ रेषेत गेलेले रस्ते. शिकारीच्या मागे धावणाऱ्या घोडेस्वारांना लांबवर दिसावं म्हणून ते तसे काढले. सगळे चौक एकसारखे, चुकायला सोपे. म्हणून तिथल्या पांढऱ्या खांबांवर काँपिएन्यच्या बाजूला एक लाल खूण केलेली आहे. फोनची बॅटरी संपली तरी ती खूण घरी आणते.

शँपेन भागातल्या द्राक्षमळ्यांमधले पांढरे रस्ते २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिले. त्या वर्षीच्या तूर द फ्रान्सच्या नवव्या टप्प्यात, त्र्वा गावाभोवती, अशा रस्त्यांचे १४ तुकडे मिळून ३२ किलोमीटर होते आणि टप्पा आंतोनी त्युर्जिसने जिंकला. पांढरा रंग आहे चुनखडीचा, खडूच्या जातीच्या दगडाचा. कोरडा असताना पीठ उडतं, ओला झाला की तेच पीठ चाकाला थापलं जातं. ब्रिटनीत अशा कच्च्या वाटांना ब्रेटन भाषेत ‘रिबिन’ म्हणतात आणि त्यांच्यावरून १९८४ पासून ‘त्रो ब्रो लेओन’ नावाची शर्यत होते. तिथे एका विजेत्याला डुकराचं पिल्लू बक्षीस देतात.

नैऋत्येचा लाँद म्हणजे पाइनचं अफाट जंगल. १८५७ च्या कायद्याने दलदलीच्या माळावर लावलेलं. वणव्याचे बंब जावेत म्हणून केलेले सरळसोट रस्ते तिथे मैलोन् मैल आहेत. पण खाली वाळू. ४५ मिलिमीटरच्या आतला टायर रुतणारच, आणि उन्हाळ्यात धोका खरा आहे. जुलै २०२२ मध्ये त्याच भागात २०,००० हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. दक्षिणेत भूमध्य समुद्राकडे उन्हाळ्यात रोज वणव्याच्या धोक्याचा नकाशा निघतो, आणि धोका वाढला की त्या दिवशी रानात जायला बंदी असते. आदल्या संध्याकाळी तो पाहणं हा तिथला नेम.

पाणंद कुणाची

हा भाग सगळ्यांत किचकट, आणि मराठी माणसाला सगळ्यांत लवकर कळेल असा. आपल्याकडे पाणंद, शिवरस्ता, बांधावरची वहिवाट यांवरून तहसीलदारापुढे वर्षानुवर्षं तारखा पडतात. फ्रान्समध्येही तेच आहे, नावं वेगळी.

एक असतो ‘शमँ र्‍युराल’, गावचा रस्ता. मालकी ग्रामपंचायतीसारख्या तिथल्या कम्यूनची, वापर सर्वांचा. फ्रान्समध्ये अशा सुमारे ३५,००० कम्यून आहेत, यावरून या रस्त्यांचं जाळं किती दाट असेल ते कळावं. दुसरा असतो ‘शमँ देक्सप्लॉयतास्यों’, शेतावर जायचा रस्ता. तो दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचा खाजगी. लोकांना जाऊ देतात तोवर जायचं, उद्या त्यांनी दोरी बांधली तर तक्रार करता येत नाही. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मध्ये गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना चाकोरी, कडेला काटेरी कुंपण. नकाशावरही दोन्ही एकसारख्या काळ्या रेषेने काढलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांचं एकत्रीकरण झालं तेव्हा असे कित्येक रस्ते नांगराखाली गेले. उरलेल्यांपैकी काही कम्यूननी विकले, काही शेजाऱ्यांनी हळूहळू आपल्यात घेतले. २०२२ च्या एका कायद्याने कम्यूनना आपल्या रस्त्यांची मोजणी करायला आणि ती चालू असताना वहिवाटीने होणारा कब्जा थांबवायला साधन दिलं.

मॉर्व्हाँच्या पायथ्याशी मी एकदा अशाच रेषेवर भरवसा ठेवून दुपारी तीनला निघाले होते. नकाशात रेषा सलग होती. दोन किलोमीटर आत गेल्यावर तारेचं फाटक आणि खाजगी मालमत्तेची पाटी. पलीकडे गाव दिसत होतं, अर्ध्या किलोमीटरवर. उलटं फिरून नऊ किलोमीटरचा वळसा घेतला. चूक माझी होती, मी जमीननकाशा पाहिला नव्हता. आपल्या गाव नकाशासारखा तिथे ‘कादास्त्र’ असतो आणि इंटरनेटवर फुकट दिसतो. त्यात गावच्या रस्त्याला बहुधा गट क्रमांक नसतो, तो दोन गटांच्या मधली रिकामी पट्टी म्हणून दिसतो. क्रमांक असेल तर मालकाची जमीन समजून चालावं. २०२३ पासून पाटी लावलेल्या खाजगी रानात घुसणं हा दंडनीय गुन्हा आहे, दंड ७५० युरोंपर्यंत जाऊ शकतो. फाटकाखालून सायकल सरकवण्याचा मोह होतो, तो आवरायचा.

नकाशासाठी आयजीएन या सरकारी संस्थेचा १:२५,००० चा नकाशा हा आधार. त्यावर कादास्त्रचा थर चढवून पाहता येतो. मग वरून घेतलेले फोटो बघायचे : पांढरी दिसणारी पट्टी म्हणजे खडी, हिरवी म्हणजे गवत, आणि गवत म्हणजे निम्मा वेग. तूलूझच्या पूर्वेकडची चिकण माती असेल तर पावसानंतर तिथे जायचंच नाही. चाक आणि फोर्कमध्ये ती अशी बसते की सायकल उचलून न्यावी लागते.

शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. रस्त्याच्या तोंडाशी ‘शास आँ कूर’, शिकार चालू आहे, अशी पाटी दिसली तर दुसरी वाट धरा, आणि त्या महिन्यांत अंगावर भडक नारिंगी काहीतरी असू द्या. हे मी घाबरवायला सांगत नाही, तिथले गावकरीही हेच करतात.

पाणी कुठे मिळेल? कबरस्तानात. जवळपास प्रत्येक गावाला एक, आणि फुलांना घालायला आत नळ. ‘नाँ पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका. पावाची दुकानं अनेक गावांत सोमवारी बंद, आणि दुपारी बारा ते दोन बाकीची दुकानंही. राहायला ‘आक्युय व्हेलो’ अशी पाटी असलेली घरं शोधावीत. ती सायकलमार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असतात आणि सायकल ठेवायला कुलपाची जागा देतात. जवळच्या अंतराच्या टीईआर गाड्यांत सायकल चढवता येते, काही प्रांतांत उन्हाळ्यात त्यासाठी आधी जागा राखावी लागते.

आता ती लुदेआक ते कारेची वाट. ब्रिटनीत मीटरगेज रेल्वेचं एक जाळं होतं आणि त्याचं केंद्र कारे. हे मीटरगेज १९६७ मध्ये बंद झालं आणि त्याच्या एका फाट्यावर ही वाट आहे. तिच्या शेजारून नाँत–ब्रेस्त कालवा जातो, ३६४ किलोमीटर लांब. इंग्रजांच्या आरमाराने समुद्र अडवला तर ब्रेस्तला रसद आतून पोचावी म्हणून नेपोलियनच्या काळात तो खणायला घेतला. ग्वारेक गावात कालवा आणि रेल्वेवाट एकमेकांना भेटतात. पश्चिमेकडून कालव्याच्या काठाने आलेला सायकलवाला बाँ-रपो मठापर्यंत पाण्याच्या कडेने जातो, आणि तिथून पुढे त्याला रुळांच्या वाटेवर चढावं लागतं, कारण कालवाच संपतो. १९२३ ते १९३० मध्ये खाली गेर्लेदाँचं धरण झालं. कालव्याचे १७ लॉक, त्यांची घरं आणि घोड्यांची वाट तळ्यात बुडाली. धरणात नावांसाठी सोय ठेवली नाही, आणि कालव्याचे दोन तुकडे झाले ते कायमचे.

२०१५ मध्ये धरणाच्या तपासणीसाठी तळं रिकामं केलं. चिखलातून लॉकच्या भिंती वर आल्या, छप्पर नसलेली घरं, झाडांचे काळे बुंधे, आणि त्यांच्यामधून काठाकाठाने जाणारी ती सपाट पट्टी. लोक लांबलांबून पाहायला आले. शरद ऋतू संपता संपता पाणी परत सोडलं. आज रेल्वेवाटेवरून पूर्वेला म्यूर-द-ब्रताञ गावाकडे जाताना झाडांतून उजवीकडे तळं चमकतं, आणि ती वाट त्याच्या तळाशी आहे.